त्रेचाळीस सेकंदांचा फोन

नोकरीतली बहुतेक प्रकरणं मी कागदांसोबत ठाण्यातच ठेवून आलो. हे एक प्रकरण मात्र निवृत्तीनंतर माझ्याबरोबर घरी आलं. अजूनही दुपारी जेवून आडवा झालो की कधीकधी ते समोर उभं राहतं, आणि मग झोप लागत नाही.

यवतमाळ जिल्ह्यात, हायवेपासून फार लांब नसलेल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. ठाण्याचं नाव आणि माणसांची नावं सांगणार नाही. प्रकरण न्यायालयात आहे, आणि त्यातली माणसं अजून त्याच गावांत राहतात.

कापूस वेचणीचे दिवस होते. तूर डोक्याच्या वर गेली होती. सोमवारी दुपारी एकच्या सुमाराला ११२ वर एक फोन आला. हा फोन आधी राज्याच्या केंद्रात लागतो, तिथून जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे येतो आणि मग आमच्या गाडीतल्या टॅबवर दिसतो. टॅबवर नोंद होती: कॉलर बोलला नाही, सहा सेकंदांत फोन बंद. केंद्रानं उलट फोन लावला तर तो स्विच ऑफ. जागा म्हणून नकाशावर एक भलंमोठं वर्तुळ आलं होतं. त्यात हायवेचा तुकडा होता, दोन ढाबे होते, दोन गावं, एक तांडा आणि मैलभर पसरलेली शेतं.

असे फोन रोज येतात. खिशात दाबला गेलेला, लहान मुलानं लावलेला, दारूच्या भरात लावलेला. गाडी हायवेवर फिरून आली, ढाब्यांवर विचारपूस केली आणि 'तथ्य आढळले नाही' अशी नोंद करून विषय मिटला. मी सही केली. कोणीतरी ट्रकवाल्यानं गंमत केली असेल, असं माझं मत होतं.

मंगळवारी त्याच वेळेला, त्याच नंबरवरून पुन्हा फोन आला. या वेळी अकरा सेकंद. नियंत्रण कक्षानं लिहिलं होतं, 'बाईचा आवाज. मले एवढाच शब्द. नंतर फोन बंद.' वर्तुळ कालच्यापेक्षा बरंच लहान झालं होतं आणि त्याच्या मधोमध एक ठिपका होता. लागोपाठ दोन दिवस एकाच वेळी येणारा फोन गंमत नसतो. मी स्वतः निघालो. त्या भागाचा बीट जमादार सोबत घेतला. गावागावात त्याची ओळख होती आणि अशा कामात ओळखच उपयोगी पडते, असा माझा तोवरचा अनुभव होता.

ठिपका तुरीच्या शेतात होता. आम्ही तुरीत शिरून बरोबर त्या जागी उभे राहिलो. तिथं काहीच नव्हतं. पाऊलखुणा नाहीत, मोडलेली झाडं नाहीत. शंभरेक पावलांवर शेतमालकाचं घर होतं. पक्कं, मोठं घर, अंगणात कॅमेरे, मागच्या बाजूला कापूस ठेवायची लांब खोली. शेजारच्या वावरात बायका कापूस वेचत होत्या.

मालक पन्नाशीचा, नीटनेटका माणूस. आमच्या शांतता समितीच्या बैठकांना तो यायचा, म्हणून मी त्याला ओळखत होतो. त्यानं खुर्च्या टाकल्या, चहा मागवला.

"साहेब, आमच्या घरी दोनच बाया. एक माही बायको, ते समोर हाये. दुसरी माही बहीण, ते भाचीकडे गेली पुण्याले, दिवाळीपासून तिकडंच हाये," तो म्हणाला. "बाकी मजूर बाया येतात तांड्यावरून. त्याइच्या घरचे लोक पेतात, फोन लावतात. तुमाले त माहीतच हाये."

जमादार हसला. मीही हसलो असेन. चहा संपवून मी उठलो, "बरं आहे भाऊ, येतो," म्हणालो आणि जीप वळवली.

ठाण्यात आलो तर नंबरची माहिती आली होती. सिमकार्ड तांड्यावरच्या एका माणसाच्या नावावर होतं. तीन एकर शेती, तूर आणि कापूस, गुन्ह्याची कोणतीही नोंद नाही. पण मला हे इथं लिहिलंच पाहिजे की तांड्याचं नाव वाचल्याबरोबर माझ्या मनातलं वजन एका बाजूला झुकलं. या लोकांचे आजे-पणजे बैलांवर माल लादून मुलुखभर फिरायचे. आता पिढ्यान्‌पिढ्या ते इथं शेती करतात. तरीही आमच्या खात्यात तांडा म्हटलं की आवाज बदलतो. माझाही बदलला.

माझा तर्क सरळ होता. फोन या माणसाचा. बोलणारी बाई. म्हणजे याची बायको, आणि तिचं काहीतरी बरंवाईट झालं आहे किंवा होणार आहे.

बुधवारी सकाळी नऊला मी त्याला ठाण्यात बोलावून घेतलं. चाळिशीचा, बारीक अंगाचा माणूस. हात जोडून उभा राहिला.

"हा नंबर तुझा?"

"हो जी."

"फोन कुठे आहे?"

"हरवला साहेब. पांढरकवड्याच्या बाजारात."

"कधी?"

"झाले आठ-दहा दिस."

"तक्रार दिली?"

"नाही जी. जुना होता. काच फुटली होती त्याची."

अर्ध्या तासानं मी तेच प्रश्न उलट्या क्रमानं विचारले. ही आमची जुनी पद्धत. खरं बोलणाऱ्याला क्रमाचं काही वाटत नाही, खोटं बोलणारा मात्र अडखळतो. तो अडखळला. बाजाराऐवजी 'बसमध्ये पडला' म्हणाला. 

"बायको कुठे आहे?"

"घरी हाये."

मी एका महिला शिपायाला तांड्यावर पाठवलं. वर्ष-दीड वर्षाची नोकरी झालेली मुलगी होती, पण गाडीतल्या टॅबचं काम आमच्यात सगळ्यांत तिलाच चांगलं समजायचं. तासाभरात तिचा फोन आला.

"सर, बायको घरीच आहे. ठणठणीत आहे. पण मला काहीतरी खटकतंय. नवऱ्याला पोलिसांनी नेलंय आणि ही रडत नाही, भांडत नाही. भाकर फडक्यात बांधून कापूस वेचायला निघाली आहे. कोणाच्या वावरात विचारलं, तर कालच्याच घरचं नाव सांगितलं."

"फोनबद्दल काय म्हणते?"

"हरवला म्हणते. नवऱ्यानं सांगितलं तेच शब्द, तस्सेच. पाठ केल्यासारखे. सर, तिला माहीत आहे फोन कोणाकडे आहे ते. मी जास्त विचारलं नाही. जाताना एवढंच म्हटलं की ताई, ज्या कोणाजवळ तो फोन असेल तिला सांगा, लावल्यावर लगेच बंद करू नका. बोलता आलं नाही तरी चालेल. अर्धा मिनिट चालू ठेवा."

मी चिडलो. संशयिताच्या बायकोला असा निरोप द्यायचा असतो का? तिनं शांतपणे मला जे सांगितलं, ते मला तोवर नीट ठाऊक नव्हतं. साधा फोन लावला तर टॉवर फक्त कोणत्या भागातून फोन आला ते सांगतो. म्हणून पहिल्या दिवशीचं वर्तुळ एवढं मोठं. पण ११२ लावल्यावर काही स्मार्टफोन आपली जागा शोधण्याची सोय स्वतःहून चालू करतात आणि सापडलेली जागा पाठवून देतात. कोणी ती सोय बंद ठेवली असली तरी तेवढ्यापुरती चालू होते. मात्र फोनला जागा शोधायला वेळ लागतो. छताखाली असेल तर आणखी. फोन जितका वेळ चालू राहील तितकं वर्तुळ आवळत जातं. बंद केला की संपलं, पुढचं काही कळत नाही.

"सोमवारी सहा सेकंद, काल अकरा," ती म्हणाली. "ती घाबरून बंद करतेय सर. आणि काल तुम्ही ठिपक्यावर जाऊन उभे राहिलात. ठिपका हा फोनचा अंदाज असतो. फोन त्या वर्तुळात कुठेही असू शकतो. घरसुद्धा त्यातच होतं."

मी फोन ठेवला आणि पुन्हा समोरच्या माणसाकडे वळलो. आवाज चढवला. हात उचलला नाही, पण टेबलावर मूठ आपटली, 'आत टाकतो' म्हणालो. माझा संशय अजूनही त्याच्यावरच होता. मला वाटत होतं, यानं कोणातरी बाईला त्या शेतात आणून ठेवलं आहे.

एक वाजून सतरा मिनिटांनी तो नंबर पुन्हा लागला. तो माणूस त्या वेळी माझ्यासमोर बाकावर बसला होता.

या वेळी फोन त्रेचाळीस सेकंद चालू राहिला. पलीकडून कोणी बोललं नाही. केंद्रातली बाई विचारत राहिली, तुम्ही संकटात आहात का, बोलता येत नसेल तर फोनवर बोटानं टकटक करा. दोनदा टकटक झाली. त्या वेळात वर्तुळ तीनदा बदललं. शेवटचं एवढं लहान होतं की नकाशावर त्यात एका इमारतीचा मागचा भाग तेवढा बसत होता. कापसाची खोली.

महिला शिपाई परत आली होती. नकाशा मोठा करून ती म्हणाली, "बहुतेक त्यांच्याच वायफायमुळे एवढं नेमकं आलं असेल. कॅमेऱ्यांसाठी बसवलंय ना त्यांनी. फोन आजूबाजूचं वायफाय ओळखूनही जागा काढतो."

मी उठणार तोच ठाणे अंमलदारानं सांगितलं की तांड्यावरची बाई आली आहे. ती वावरातून थेट आली होती. ओढणीला कापसाचे तुकडे चिकटलेले. नवऱ्याकडे पाहून तिनं मान हलवली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"माह्या नवऱ्याले सोडा साहेब. फोन मी देला."

"कोणाला दिला?"

तिनं माझ्या मागे पाहिलं. मागे बीट जमादार उभा होता.

"बोल बाई. कोणाला?"

"तुमी चहा पेलात तिथं," ती म्हणाली. "मी वावरातून पाह्यलं. हे जमादार त त्या घरी नेहमीच येतात. तुमाले सांगून काय होईन? तुमी त्याइचेच."

तीस वर्षांहून जास्त नोकरीत मी लोकांवर संशय घेतला होता. कोणी माझ्यावर समोरासमोर, इतक्या साध्या शब्दांत संशय घेतला, ती पहिली वेळ. मी जमादाराला बाहेर पाठवलं. त्याचा मोबाईल ठाणे अंमलदाराकडे ठेवायला सांगितला आणि त्याला अंमलदारासमोरच बसवून ठेवलं. मग महिला शिपायाला आत घेतलं, दार लोटलं.

बाई खाली बसली. मग सगळं सांगितलं.

वेचलेला कापूस टाकायला ती घरामागे जायची. कापसाच्या खोलीला लागून एक छोटी खोली आहे, तिला मागच्या भिंतीत वर गजांची खिडकी. त्या बाजूला कॅमेरा नाही. पंधरा दिवसांपूर्वी तिथून कोणीतरी हलकेच हाक मारली. मालकाची बहीण होती. पुण्याला गेलेली म्हणून गावाला सांगितलेली.

"लग्न नाही झालं तिचं. मायबापाइचं सारं तिनंच केलं मरेपर्यंत," बाई म्हणाली. "आता भाऊ म्हणते, जमिनीतला हिस्सा सोडला म्हणून कागदावर सही दे. ते देऊन नाही राह्यली. म्हणून कोंडलं. वहिनी दोन टाइम जेवाले देते आन कुलूप लावते."

"मग ठाण्यात काहून नाही आली?" महिला शिपायानं तिच्याच बोलीत विचारलं.

"कायले येऊ? जमादार त्याच घरी बसते."

तिच्याकडे एक जुना फोन पडून होता. रिचार्ज संपलेला. तो तिनं पूर्ण चार्ज करून भाकरीच्या फडक्यात नेला आणि खिडकीतून आत सोडला. रिचार्ज नसला तरी ११२ लागतो, हे तिला तांड्यावर झालेल्या महिलांच्या एका कार्यक्रमात कळलं होतं. दुपारी घरातले जेवायला बसत, तेवढाच वेळ त्या बाईला फोन लावता यायचा. एरवी चार्जिंग संपू नये म्हणून ती फोन बंद ठेवायची. पावलं वाजली की कापायची.

"आज मी खिडकीपाशी जाऊन सांगतलं तिले. ह्या मॅडम म्हणे बंद करू नको, तू चालू ठेव. ते म्हणे, चार्जिंग संपत आली. मी म्हटलं, संपू दे."

चार वाजता आम्ही दोन पंच घेऊन त्या घरी पोचलो. या वेळी खुर्च्या टाकू दिल्या नाहीत.

"मागची खोली उघडा."

मालक शांत होता. "त्यात सरकी अन् कापूस हाये साहेब. चाबी बायकोपाशी, ते बाजारात गेली. उद्या या ना."

"तुमची बहीण कुठे आहे?"

"सांगतलं ना, पुण्याले."

"फोन लावा तिला."

त्यानं खिशातून फोन काढला, थोडा वेळ त्यावर बोट फिरवलं. "रेंज नाही येऊन राह्यली," म्हणाला. त्याच वेळी महिला शिपाई मागच्या दारावर हातानं दोनदा वाजवत होती. आतून कोणीतरी दोनदा वाजवलं.

मी मालकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यावर भीती नव्हती, राग होता. घरचा मामला बाहेरच्यांनी पाहिला याचा राग. पंचांसमोर कुलूप तोडलं. दारामागे कापसाच्या गाठोड्यांची रास रचली होती. ती बाजूला केल्यावर आतल्या छोट्या खोलीचं दार दिसलं, ते उघडलं.

पंचेचाळीस-सेहेचाळीसची बाई. केस गुंतलेले, उजेडात डोळे उघडेनात. हातात तो काच तडकलेला फोन घट्ट धरलेला. महिला शिपायानं तिला धरून ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. मी जवळ जाऊन 'घाबरू नका' असं काहीतरी म्हणालो. माझा आवाज ऐकून तिनं मान वर केली.

"काल तुमीच आलते ना?"

"हो."

"मी ऐकत होती. तुमी म्हणालात, बरं आहे भाऊ, येतो."

"मग ओरडलात का नाही तुम्ही?"

"भावासंग हसत होते तुमी," ती म्हणाली. "मले वाटलं, त्यानंच बोलावलं असन तुमाले. सही घ्याले."

तिला ग्रामीण रुग्णालयात नेलं, वैद्यकीय तपासणी झाली, जबाब झाला. भावावर आणि वहिनीवर गुन्हा दाखल झाला, दोघांना अटक झाली. पुढचं न्यायालय ठरवील. ती आता बाभुळगावकडे मावसबहिणीजवळ राहते. सही तिनं अजून दिलेली नाही, एवढं मी खात्रीनं सांगू शकतो. जमादाराची चौकशी झाली. कटात त्याचा हात निघाला नाही. पण मंगळवारी आम्ही निघण्याआधी त्यानं मालकाला फोन करून 'साहेब येऊन राह्यले' एवढं कळवलं होतं. का कळवलं, विचारल्यावर तो खरोखर गोंधळला. म्हणाला, सवयीनं. मला त्याचं म्हणणं खरं वाटलं. म्हणूनच मी जास्त अस्वस्थ झालो. कट असता तर तो मला पकडता आला असता.

लोक मला विचारतात, फोननं जागा सांगितली म्हणून बाई वाचली ना? अर्धं खरं आहे. फोननं मंगळवारीच ते घर वर्तुळात दाखवलं होतं. मी तिथं गेलो, बसलो आणि परत आलो. यंत्रानं सांगितलेली जागा आणि आपल्या मनात आधीच ठरलेली जागा, या दोन्हींतून आपण मनातलीच निवडतो. ज्याच्या घरी खुर्ची मिळते त्याच्यावर संशय येत नाही, आणि जो हात जोडून उभा राहतो त्याच्यावर लगेच येतो. तरुण अधिकाऱ्यांना मी हे सांगतो. ते मान डोलावतात, मीही त्यांच्या वयात डोलावली असती.

महिनाभरानं मी साध्या कपड्यांत तांड्यावर गेलो. त्या माणसाला सकाळी नऊपासून दुपारपर्यंत बाकावर बसवलं होतं, त्याची माफी मागायची होती. तो दारातच तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. बायको आत होती. मी माफी मागितली. त्यानं हातातली शेंग सोलून संपवली आणि म्हणाला,

"साहेब, मले बायकोनं नाव नव्हतं सांगतलं. एवढंच म्हणे, एक बाई अडचणीत हाये, तिले फोन देला, कोणी इचारलं त हरवला म्हण. तुमी मले एकदा जरी इचारलं असतं ना, की कोणती बाई अडचणीत हाये, त मी तेवढं सांगून देलं असतं. तुमी त फोनचंच इचारत राह्यले."

ठाण्यात परतल्यावर मी त्या दिवशीचा त्याचा जबाब काढून वाचला. माझ्याच हाताखाली लिहिलेला, चार पानी. मोबाईल कुठे घेतला, कोणी घेतला, कुठे हरवला, कधी हरवला, तक्रार का दिली नाही, बायको कुठे आहे. फोनवर कोणाचातरी आवाज आला होता, 'मले' म्हणाली होती, आणि त्या चार पानांत मी तिच्याबद्दल एकही प्रश्न विचारलेला नव्हता.